दोराचं दुसरं टोक

१२ जानेवारी

सोन्या,

तुझं पाकीट मिळालं. आत छापील पुस्तक होतं, हाताने लिहिलेली एकही ओळ नव्हती. मुखपृष्ठावर तुझं नाव आणि त्याखाली 'सचिव, संग्राहक मंडळ'.

फोन करत नाही. फोनवर तू 'बरं आई, ठेवतो' म्हणतोस आणि खरोखर ठेवतोस. सगळी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडण्यात काढली. कुठल्या बाजूने लाइन सुटली ते मला कळतं. पत्र असं मधेच तोडता येत नाही. फार तर न फोडता ठेवता येतं, आणि बंद वस्तू जपून ठेवण्यात तुझा हातखंडा आहे.

पुस्तक वाचलं. कल्पना आवडली. व्हिडिओ गेमच्या मशीनची एकेक पिढी घ्यायची आणि त्या पिढीतला सर्वश्रेष्ठ खेळ कोणता, का, ते सांगायचं. भाषा जड आहे, पण ती तुझी पहिल्यापासूनच.

एप्रिलमध्ये मंडळाचं प्रदर्शन आहे, काचेच्या पेट्यांत हे सगळे खेळ मांडणार आहेत, आणि दुसऱ्या पिढीचा खोका आपल्या घरातून जाणार आहे, हे मला छापील पानावरून कळलं. 'दोर. मूळ सील शाबूत. ज्ञात असलेली एकमेव प्रत. सचिवांच्या व्यक्तिगत संग्रहातून.' व्यक्तिगत संग्रह म्हणजे माझ्या झोपायच्या खोलीतलं कपाट. बाबा गेले त्या आठवड्यात तू त्याला कुलूप लावलंस आणि किल्ली बरोबर घेऊन गेलास. त्यानंतर आला नाहीस.

कुलूप शाबूत आहे.

मी तुझी यादी क्रमाने खेळायला घेतली आहे. मशीन कुठून आणलं ते विचारू नकोस. पहिल्या पिढीचा तुझा खेळ झाला. एक चौकोनी होडी, वरून पडणारे चौकोनी दगड. तू लिहितोस, 'या साधेपणात ध्यानस्थ शांतता आहे.' सोन्या, मी होडी घेऊन सैरावैरा पळत होते आणि तोंडाने 'अगं अगं अगं' चाललं होतं. शांतता कुठली? तो घाबरवण्यासाठी केलेला खेळ आहे आणि ते काम चोख करतो. सर्वश्रेष्ठ असेलही. कारण मात्र चुकलंय.

आई


२ फेब्रुवारी

सोन्या,

'कपाट उघडलंस का, हो की नाही एवढंच सांग' असा तुझा निरोप मोबाइलवर आला.

हो.

कुलपाला हात लावलेला नाही. कपाटाची मागची फळी चार स्क्रूंवर होती. एवढं सगळं सुरक्षित ठेवणारा माणूस मागच्या बाजूला बघत नाही, याचं मला नवल वाटलं. फळी आता पलंगाखाली आहे. मला ती परत बसवायची नाही. कपाट माझं आहे, खोली माझी आहे, आणि आत पाठीला पाठ लावून बसलेल्या वस्तूंपैकी निम्म्या तुझ्या बाबांनी आणलेल्या आहेत.

कपाटात आतून चिकटवलेल्या तुझ्या सूचना वाचल्या. उन्हात ठेवू नये. खोक्याच्या कडा दाबू नयेत. कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारू नये, ओलाव्याने पिना गंजतात.

मी फुंकते. तूही फुंकायचास, गाल फुगवून, आणि मशीन चालू झालं की मीच चालू केलं अशा तोऱ्यात बघायचास. पिना गंजतील तेव्हा गंजतील. माझेही गुडघे गंजलेत, म्हणून कुणी मला खोक्यात भरलेलं नाही. अजून तरी.

तिसऱ्या पिढीचा तुझा खेळ मला आवडला. ती मुलगी, जिचं गाव पाण्याखाली आहे, आणि ती श्वास धरून घराघरांत शिरते. तिथे तू बरोबर आहेस. चौथ्या पिढीचा, तबकडीवाला, अजिबात आवडला नाही. अर्धा वेळ सिनेमा दाखवतात आणि मधेमधे बटण दाबू देतात, जेवताना मुलाच्या हातात रिकामा चमचा द्यावा तसं. पाचव्या पिढीचा खेळ घरात नाही. तो म्हणे इंटरनेटच्या तारेतूनच येतो, हातात धरायला काही नसतं. मग तो तुम्ही काचेच्या पेटीत कसा ठेवणार? मंडळाने विचार केला आहे का?

'दोर'चा खोका जागेवर आहे.

आई


२० फेब्रुवारी

सचिव महाशय,

'सोन्या' म्हणू नको, पत्रं बायको वाचते, असं तू कळवलंस. म्हणून हा मायना. सूनबाई मात्र परवा फोनवर तुला सोन्याच म्हणत होती.

पुढच्या महिन्यात 'दोर' न्यायला माणूस पाठवतोस असं लिहिलंस. तेव्हा आता सांगायला हवं. खोका जागेवर आहे. सील नाही. ते मी जानेवारीतच फोडलं.

कसं फोडलं ते नीट सांगते, म्हणजे तुला कल्पना करत बसावं लागणार नाही. तुझ्या पुस्तकातलं ते पान मी पुन्हा वाचलं. 'दोर हे एकाकी माणसाचं महाकाव्य आहे. भिंतीपुढे एकटा उभा असलेला तो आरोहक म्हणजे आपण सर्वजण.' वाचून वाटलं, हा माझा मुलगा एवढं भारावून लिहितो, तर बघू तरी. नखं कापायच्या कात्रीने कड कापली. प्लास्टिक फार जुनं होतं, वाळलेल्या सालीसारखं आपसूक निघालं. आतला वास अजून नवा होता. मला अजिबात वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, हे मी दोनदा स्वतःला विचारलं. नाही वाटलं.

कॅसेट लावली. पडद्यावर धरणाची उंच भिंत. पायथ्याशी तो माणूस, कमरेला दोर, दोर वर जाऊन पडद्याबाहेर नाहीसा. खोक्यावरचं चित्रही तेच. मी बटणं दाबली. माणूस हलेना. सगळी बटणं दाबून झाली. कॅसेट काढली, फुंकली, परत लावली. तेच. मला वाटलं, चला, सर्वश्रेष्ठ खेळ नादुरुस्त आहे.

मग दिसलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक दिवा लुकलुकतोय. एक्स्चेंजमध्ये बोर्डावर दिवा लुकलुकला की पिन खुपसायची. दुसरं डोकंच चालत नाही. दुसरा कंट्रोलर शोधला, दुसऱ्या भोकात खुपसला, बटण दाबलं. चित्र वर सरकलं. दोराच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या वरच्या अंगाला, आणखी एक माणूस बसलेला होता. तो उठून उभा राहिला.

सोन्या, हा दोघांचा खेळ आहे. एकट्याला तो खेळताच येत नाही. एकट्याला पहिलं पाऊलसुद्धा टाकता येत नाही.

खोक्याच्या मागे ते परक्या लिपीत लिहिलेलं असणार. तुमच्या मंडळात कुणालाही ते वाचता आलं नाही, आणि उघडून बघायची कुणाची छाती झाली नाही. मग सगळ्यांनी पुढचं चित्र बघून मान डोलावली.

मी खाली गेले. तळमजल्यावर क्रेनवाले राहतात, बंदरावर क्रेन चालवायचे ते. मी म्हटलं, "दोन हात हवेत."

"काय उचलायचंय?"

"एक माणूस."

ते चपला घालून आले.

आता तू माणूस पाठवू शकतोस, पण काय न्यायचं ते ठरवून पाठव.

आई


१ मार्च

सोन्या,

तुझं पत्र आलं. हस्ताक्षरातलं. शाईचा डाग बघून बरं वाटलं, मजकूर वाचून नाही वाटलं.

तू लिहितोस की मी तुला मंडळापुढे तोंडघशी पाडलं. मी घरात बसून खेळले. मंडळापुढे जे काही मांडलं ते तू मांडलंस.

तू लिहितोस, 'माझ्या लहानपणी तू कधी एक बटण दाबलं नाहीस. तेव्हा वेळ नव्हता आणि आता शेजाऱ्याबरोबर खेळायला वेळ आहे.' हे वाक्य तू बरीच वर्षं जपून ठेवलं असावंस. चांगल्या स्थितीत आहे.

त्याचं उत्तर देते. तेव्हा वेळ नव्हता. मी पाळीवर असायचे, सुटून आले की स्वयंपाक, आणि त्यानंतर उभं राहवायचं नाही. याची माफी मी बाबांकडे मागितली नाही, तुझ्याकडेही मागणार नाही. ज्या पगारावर घर चाललं त्याच्या बदल्यातच ती संध्याकाळ गेली. शिवाय तू दार लावून घ्यायचास. मी दोनदा दार वाजवून विचारलेलं मला आठवतं, 'काय चाललंय रे?' आतून उत्तर यायचं, 'तुला नाही कळणार.' तू खोटं बोलत नव्हतास, मला खरंच कळलं नसतं. पण आता कळतं, आणि आता वेळ आहे. म्हातारपणी काय करावं याचं तुझ्या मनात एक चित्र असेल. त्या चित्राचं सील मी फोडते आहे असं समज.

'दोर'विषयी सांगते, तुला ऐकायचं नसलं तरी. वरच्या माणसाला खालचं दिसत नाही, खालच्याला वरचं दिसत नाही. पडदा दोघांत वाटलेला असतो, मधे धुकं, आणि आपल्या अर्ध्यावरून नजर काढली की पडलोच. मी खाली असते, क्रेनवाले वर. मला दिसतं की पुढची खोबण उजवीकडे आहे. त्यांना दिसतं की वरून पाणी सुटणार आहे. दोघांनी तोंडाने सांगितल्याशिवाय खेळ तसूभर पुढे जात नाही. एक पडला की दोघं पडतात. पडलं की पायथ्यापासून सुरुवात, कारण त्या काळच्या कॅसेटमध्ये खेळ जतन करून ठेवायची सोयच नव्हती.

क्रेनवाले म्हणतात, "बाई, ओढू नका. आधी झोका शांत होऊ द्या."

मी म्हणते, "तुमचं शांत होईस्तोवर मी पाण्यात."

"मग पोहा. पण दोर ओढू नका."

आमचं रोज भांडण होतं. इतकं कुणाशी बोलल्याला मला बराच काळ लोटला होता.

तुझ्या पत्राच्या शेवटी जो तोडगा आहे तो मी चारदा वाचला. कॅसेट तू ठेव, मला नुसता खोका दे. एक माणूस घरी येईल, खोक्यावर पुन्हा प्लास्टिक चढवेल, जुन्यासारखं. आत काय आहे ते कुणी कधी बघणार नाही. कुणाचं काही बिघडणार नाही.

विचार करून सांगते.

आई


१४ मार्च

सोन्या,

मी हो म्हणायच्या आधीच तुझा प्लास्टिकवाला आला. बॅगेत एक रोल, आणि न्हाव्याकडे केस वाळवायला असतं तसलं यंत्र. माणूस हसतमुख.

"मावशी, साहेबांनी पाठवलंय. खोका द्या, चहा होईस्तोवर काम होतंय."

"आत काय घालणार?"

"लाकूड." त्याने खिशातून तुकडा काढून दाखवला. तासून गुळगुळीत केलेला. "बरोब्बर कॅसेटच्या मापाचा. वजनही जुळवलंय. हलवून बघा."

"आणि कुणी उघडलं तर?"

तो मनापासून हसला. "सील असलेलं कुणी उघडतं का मावशी? उघडायचं नाही म्हणून तर सील."

"मी उघडलं."

"तुमची गोष्ट निराळी. तुम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं."

एवढ्यात आतून क्रेनवाले ओरडले, "बाई, मी इकडे लोंबकळतोय! येताय की सोडू?"

मी आत गेले. प्लास्टिकवाला मागोमाग आला आणि दारात उभा राहिला. आम्ही तेव्हा धुक्याच्या पट्ट्यात होतो, जिथे दोघांनाही काही दिसत नाही आणि नुसतं दोराच्या ताणावरून ओळखायचं असतं. त्याने बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "ढील द्या ना त्यांना." मग म्हणाला, "अहो मावशी, ढील!" चहा त्याने उभ्यानेच प्यायला.

खरं सांगते, मला मोह झाला होता. कॅसेट माझ्याकडे राहत होती, तुझी अब्रू वाचत होती. तू कदाचित घरीसुद्धा आला असतास. पण मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. काचेची पेटी. आत लाकडाचा तुकडा. खाली 'सर्वश्रेष्ठ', आणि त्याखाली तुझं नाव. ते नाव मी ठेवलेलं आहे. लाकडाच्या तुकड्याखाली मी ते लावू देणार नाही. उद्या तुला चालेलही. मला चालणार नाही.

प्लास्टिकवाल्याला मी रिकाम्या हाताने परत पाठवलं. जाताना म्हणाला, "साहेबांना काय सांगू?"

"आई नाही म्हणाली, म्हणून सांग."

"नुसतं एवढंच?"

"त्यांना पुरतं."

आता दुसरी गोष्ट. काल मी तुझ्या मंडळाला पत्र टाकलं. हे पत्र तुला मिळेल तेव्हा तेही पोहोचलेलं असेल. तू माझं मन वळवायला निघशील म्हणून तुला आधी कळवलं नाही. पत्रात लिहिलं आहे की 'दोर'चं सील त्यांच्या सचिवांच्या आईने फोडलं, सचिवांना न विचारता. हा दोघांनी खेळायचा खेळ आहे, पुस्तकातलं एकाकी माणसाचं पान चुकीचं आहे, ते बदलावं. तरीही निवड बरोबर आहे. दुसऱ्या पिढीतला हाच सर्वश्रेष्ठ खेळ. हे मी खेळून सांगते आहे, आणि तुमच्यापैकी कुणालाही तसं सांगता येणार नाही. खेळ पेटीत ठेवायचा असेल तर मिळणार नाही. टीव्हीला जोडून, दोन खुर्च्या मांडून ठेवणार असाल, तर मी स्वतः घेऊन येईन.

प्लास्टिकवाल्याबद्दल लिहिलेलं नाही. ते तुझं माझं.

आई


२७ मार्च

सोन्या,

तुझं काही आलं नाही. मंडळाचं आलं. अध्यक्षांची सही आहे. 'आपल्या भावनांचा आदर आहे, तथापि खुल्या प्रतीला प्रदर्शनमूल्य नसते.' दोन खुर्च्यांविषयी चकार शब्द नाही.

मी उत्तर दिलं की भावना वगैरे काही कळवलेल्या नव्हत्या.

काल आम्ही वर पोहोचलो. धरणाच्या माथ्यावर. दुपारचं ऊन टीव्हीवर पडत होतं म्हणून क्रेनवाले उठून खिडकीचा पडदा ओढायला गेले असते तर संपलंच असतं. ते उठले नाहीत, डोळे बारीक करून बसले. शेवट आम्ही पूर्ण बघितला. मग ते म्हणाले, "परत लावा."

तुला हे कळवायचं कारण नव्हतं. तरी कळवलं.

आई


९ एप्रिल

सोन्या,

सूनबाईचा फोन आला. प्रदर्शन उघडलं. दुसऱ्या पिढीची पेटी रिकामी आहे म्हणे, आत नुसतं कार्ड, 'या पिढीचा निर्णय राखून ठेवला आहे.' लोक तिच्यापाशीच जास्त वेळ थांबतात. तू सचिवपद सोडलंस, त्यांनी मागायच्या आत. दोन संग्राहकांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. "आई, ते घरात नुसते बसून असतात," ती म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "पण मला विचारत होते, तुला कधी खेळावंसं वाटलं का म्हणून."

मला वाईट वाटलं का? वाटलं. रात्रभर नाही, पण वाटलं. मंडळाला लिहिलेलं पत्र परत घेईन का? नाही. तुझं पद गेलं, तुझं नाव राहिलं. यातलं काय राहावं हे मला निवडायला लागलं असतं तरी मी हेच निवडलं असतं, आणि लागलंच.

त्यानंतर परवा तुझं कार्ड आलं. मायना नाही, सही नाही, एकच ओळ. 'शेवटी काय असतं?'

मी ते क्रेनवाल्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सांगू नका."

सांगणारही नव्हते. इतकी वर्षं तू मला गोष्टी समजावून सांगितल्यास. मोबाइल कसा धरायचा, औषधं कुठल्या डबीत ठेवायची, बाबांचे कपडे कधी देऊन टाकायचे. तुला माहीत नसलेलं काहीतरी तू मला विचारावंस, असं बहुधा पहिल्यांदाच घडलं. आणि सांगितलं तर तू काय करशील ते मला माहीत आहे. लिहून काढशील. छान लिहिशील. मग पुन्हा खेळायचं राहून जाईल.

यायचं असेल तर दुपारी ये. कुलपाची किल्ली आणू नकोस, तिचा उपयोग नाही. पहिल्या दिवशी पडशील. दहाव्या दिवशीही पडशील. सर्वश्रेष्ठ कशाला म्हणतात ते त्यानंतर हळूहळू कळायला लागतं.

एक मात्र आधीच स्पष्ट करते, म्हणजे दारात वाद नको. खालची जागा माझी आहे. ती मी सोडणार नाही, मुलगा आला म्हणूनसुद्धा नाही. वरच्या जागेसाठी तुला क्रेनवाल्यांशी बोलावं लागेल. मी त्यांना सहज विचारून बघितलं. ते म्हणाले, "येऊ द्या की. पण आधी बाजूला बसायचं, आणि आम्ही काय बोलतो ते ऐकायचं. ऐकता आलं की मग जागेचं बघू."

मी त्यांच्या बाजूने आहे.

आई